‘केटी लागली’ म्हणजे नेमकं काय झालं?

इंजिनिअरिंगला आल्यावर पहिल्या महिन्याभरात जे नवे इंग्रजी शब्द कानावर पडतात त्यांची यादी करायला बसलं तर ती संपत नाही. सबमिशन, जर्नल, व्हायवा, एक्स्टर्नल, डिफॉल्टर, पीएल... पण या सगळ्यांचा राजा एकच. एटीकेटी! बारावीला भरभरून मार्क घेऊन आलेली मुलंसुद्धा हा शब्द ऐकला की एकदम गप्प होतात. आणि सीनिअर मंडळी तो अशा थाटात उच्चारतात, जसं काही घरातल्या मांजराचं नाव घेतायत.

मागच्या सेमिस्टरला मी एक रिकामा उद्योग केला. कँटीनमध्ये, लायब्ररीत, बसस्टॉपवर जो भेटेल त्याला विचारलं, एटीकेटीचा फुल फॉर्म काय रे? बऱ्याच जणांनी ‘अलाउड टू कीप टर्म्स’ असं बरोबर सांगितलं. एकाने ‘अजून टाईम काढ, टकल्या’ असं सांगितलं, ते मला जास्त आवडलं. मग दुसरा प्रश्न. ‘कीप टर्म्स’ म्हणजे काय? इथे मात्र सगळ्यांची विकेट पडली. कोणी म्हणालं, टर्म्स अँड कंडिशन्समधल्या टर्म्स, म्हणजे अटी पाळायला परवानगी. कोणी म्हणालं, कीप म्हणजे ठेवणे, तेव्हा राहिलेले विषय पुढच्या वर्षासाठी ठेवून द्यायला परवानगी! हे दुसरं उत्तर इतकं सोयीचं आहे की ते खरं असावं असं मलाही क्षणभर वाटलं. लोणच्याची बरणी फडताळात ठेवावी तसे एम-थ्री आणि ग्राफिक्स ठेवून द्यायचे, मुरले की काढायचे.

तर खरी मेख आहे ‘कीप’मध्ये. शाळेत आपण कीप म्हणजे ठेवणे असं घोकलं आणि तिथंच थांबलो. पण इंग्रजीत वचन ‘कीप’ करतात, उपास ‘कीप’ करतात, वेळ ‘कीप’ करतात. मराठीत अशा ठिकाणी आपण ठेवत नाही, पाळतो. वचन पाळतो, वेळ पाळतो, चातुर्मास पाळतो. ‘कीप टर्म्स’मधला कीप या पाळण्याच्या घराण्यातला आहे. आणि टर्म म्हणजे साधं कॉलेजचं सत्र. सत्र सुरू झाल्यापासून संपेपर्यंत नेमाने हजर राहून ते पुरं करणे म्हणजे टर्म कीप करणे. आजोबांच्या पिढीतली शिकलेली माणसं याला ‘टर्म भरली’ म्हणतात. भरली! काय नेमका शब्द आहे बघा. रोजंदारीवर दिवस भरतात, मध्ये खाडा झाला तर पैसे कापतात, तशी टर्म भरायची. इतकं चांगलं मराठी आपल्याकडे तयार असताना आपण ते कधी सोडून दिलं कोण जाणे.

हा सगळा प्रकार आला विलायतेतून. लंडनला बॅरिस्टर व्हायचं तर दोन गोष्टी लागत, एक परीक्षा आणि दुसरी टर्म्स. गांधीजी १८८८ साली इनर टेंपलमध्ये दाखल झाले तेव्हा बारा टर्म्स भराव्या लागत, म्हणजे साधारण तीन वर्षं. आणि टर्म भरायची कशी? जेवून! एका टर्ममध्ये चोवीसेक जेवणावळी असत, त्यातल्या निदान सहांना हजर राहायचं. खाल्लंच पाहिजे असं नाही, पण वेळेवर जाऊन शेवटपर्यंत बसलं पाहिजे. गांधीजींनी आत्मचरित्रात याची गंमत सांगितली आहे. चौघांच्या टेबलाला वाइनच्या दोन बाटल्या मिळत. हे तर पीत नसत, त्यामुळे आपल्या चौकडीत गांधी हवा म्हणून बाकीच्यांची धडपड असे. १८९१ साली ते बॅरिस्टर झाले. (आपल्याकडेही अटेंडन्सला मेसची सही धरली तर डिफॉल्टर लिस्ट कोरी लागेल, याबद्दल माझ्या मनात शंका नाही.)

गंमत सोडा, पण मुद्दा लक्षात घ्या. टर्म ही एक गोष्ट आणि परीक्षा ही दुसरी. एक झाली म्हणून दुसरी होत नाही, आणि दोन्ही झाल्या म्हणजे पदरात पडेलच असंही नाही. आपल्या भगूरचे सावरकर १९०६ साली लंडनला जाऊन ग्रेज इनमध्ये दाखल झाले. त्यांनी टर्म्स भरल्या, परीक्षाही पास केल्या, तरी त्यांच्या राजकारणावर बोट ठेवून १९०९ साली ग्रेज इनने त्यांना बॅरिस्टर करून घ्यायचं नाकारलं. म्हणजे टर्म पूर्ण, परीक्षा पूर्ण, आणि ‘अलाउड’ मात्र नाही! डॉ. आंबेडकरांचं वेगळं. १९१६ साली त्यांनी लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये आणि त्याच ग्रेज इनमध्ये नाव घातलं, पण बडोद्याची शिष्यवृत्ती संपली आणि १९१७ साली अभ्यास अर्धा टाकून परत यावं लागलं. येताना त्यांनी चार वर्षांच्या आत परत येऊन राहिलेलं काम पुरं करायची विद्यापीठाची परवानगी मिळवून ठेवली होती. १९२० साली ते परत गेले, आणि एम.एस्सी., डी.एस्सी., बॅरिस्टरी सगळं पुरं केलं. इथे नापास होण्याचा काही संबंध नव्हता, अडचण पैशाची होती. पण त्या चार वर्षांच्या परवानगीत किती जीव अडकला असेल! काळाराम मंदिराच्या दारात सत्याग्रह झाला त्या आपल्या गावाला, परवानगी मिळणं आणि न मिळणं म्हणजे काय, हे वेगळं सांगायला नको.

असो. मुंबई विद्यापीठ १८५७ साली निघालं ते लंडन विद्यापीठाच्या नमुन्यावर. कॉलेजांनी शिकवायचं, विद्यापीठाने परीक्षा घ्यायची. कॉलेजात टर्म भरली की परीक्षेला बसायचं. पुणे विद्यापीठ १९४९ साली सुरू झालं, तोवर आपल्या नाशिकचं कॉलेजही मुंबईलाच जोडलेलं होतं, त्यामुळे ही सगळी भाषा पुण्याकडे वारशाने आली. आणि आज २१ व्या शतकात आपण सबमिशनच्या आठवड्यात रात्रभर जागून जे ‘टर्मवर्क’ पुरं करतो, ज्याच्यावर सर सही करतात आणि ‘टर्म ग्रँट’ होते, ती टर्म हीच. म्हणजे एटीकेटीतला ‘टी’ आपल्या रोजच्या तोंडात आहे, फक्त आपण त्याला ओळखत नाही.

आता सरळ अर्थ लावू. मागच्या वर्गाचे काही विषय राहिले असले तरी या विद्यार्थ्याला पुढच्या वर्गाच्या टर्म्स भरायची परवानगी आहे. बस, एवढंच. नापास झालेल्याने त्याच वर्गात बसायचं असा मूळचा कायदा, आणि त्याला ही सवलत. सवलत उधारीवरची आहे हे खरं. तिच्या जोरावर सेकंड इयरला जाता येतं, पण थर्ड इयरला जायचं तर फर्स्ट इयर अख्खं सुटलेलं लागतं. पण आहे ती परवानगीच. वाक्याचा कर्ता विषय नाही, विद्यार्थी आहे. ‘मॅथ्सला एटीकेटी आहे’ असं आपण म्हणतो तेव्हा व्याकरणाने बघितलं तर मॅथ्सला परवानगी मिळाली असा अर्थ होतो! कशाची परवानगी? बहुतेक आपल्याला छळायची.

पण मी व्याकरणाची छडी घेऊन बसलेली नाही. उलट माझं म्हणणं आहे की मराठीत या शब्दाचं जे झालंय ते अगदी झकास झालंय. आपण तो बाहेरून आणला आणि घरच्यासारखा वागवला. त्याला स्त्रीलिंग दिलं. ‘ती’ केटी. अनेकवचन दिलं, तीन केट्या. विभक्ती लावली, केटीचा फॉर्म, केटीवाला, केटीत अडकला. आणि क्रियापद कोणतं दिलं? ‘लागली’. मराठीत काय काय लागतं बघा. भूक लागते, नजर लागते, ठेच लागते, आग लागते, लॉटरी लागते. यातली एक लॉटरी सोडली तर सगळं आपल्या मर्जीविरुद्ध येऊन चिकटणारं. आणि जाते तेव्हा ती ‘सुटते’, जशी गाठ सुटते, गाडी सुटते, व्यसन सुटतं. एका परदेशी नियमाभोवती आपण असा संसार मांडला. ‘मी केटीने ग्रस्त आहे’ असं कोणी म्हणत नाही, ‘मला पुढील सत्र पूर्ण करण्याची अनुमती प्राप्त झाली’ असंही नाही. ‘केटी लागली रे’ म्हणतो, आणि ऐकणाऱ्याला विषय, दुःख, फॉर्मची फी आणि घरच्यांचे चेहरे, सगळं एका दमात कळतं. यापेक्षा नैसर्गिक मराठी कोणती असते?

एक गोष्ट मात्र मला खटकते. एटीकेटी लांब वाटली म्हणून आपण तिची ‘केटी’ केली. या काटछाटीत उडालं काय, तर ‘अलाउड’! म्हणजे अख्ख्या वाक्यात जो एक शब्द आपल्या बाजूचा होता, तोच आपण कापून टाकला. उरलं ते नुसतं ‘टर्म भरणे’. आणि ते आपण शिव्याशापासारखं वापरतो.

हे उडालेलं ‘अलाउड’ किती कामाचं आहे ते मला माझ्या रूममेटमुळे कळलं. ती निफाड तालुक्यातली. घरी द्राक्षं आणि कांदा. फर्स्ट इयरचा निकाल लागला आणि तिचे दोन विषय राहिले. तिने घरी फोन करून वडिलांना सांगितलं, नाना, केटी लागली. नानांनी शांतपणे विचारलं, “कोनत्या नाल्यावर?”

हसू नका. सिव्हिलवाल्यांना कळलं असेल. आपल्या जिल्ह्यात शेतकऱ्याला केटी म्हटलं की केटी वेअर आठवतो, कोल्हापूर टाईपचा बंधारा. पावसाळ्यात त्याच्या फळ्या काढून ठेवतात म्हणजे पुराचं पाणी निघून जातं, पाऊस सरला की फळ्या टाकून पाणी अडवतात. केटी मंजूर झाली म्हणजे शिवारात आनंद! नानांना वाटलं, पोरीला कॉलेजातून काही बातमी कळली. ती बिचारी इकडे रडतेय आणि तिकडे नाना विचारतायत की पाणी आपल्या गटापर्यंत येईल का.

पण पुढचं हसण्यासारखं नव्हतं. तिच्या चुलत्यांना कोणीतरी सांगितलं की केटी म्हणजे नापास. घरातली पहिली मुलगी गावाबाहेर शिकायला राहिलेली. चुलते म्हणाले, नापासच व्हायचं तर एवढी फी कशाला, आणि एक स्थळ आलंय ते बघून घेऊ. हे ‘बघून घेऊ’ आपल्याकडे कुठपर्यंत जातं ते मुलींना ठाऊक आहे. तिने चार दिवस फोन उचलला नाही, जेवलीही नीट नाही. त्या रविवारी नाना हॉस्टेलवर आले, कांद्याची पिशवी घेऊन, आणि गेटजवळच्या बाकावर बसले. ती काही बोलेना. शेवटी मी म्हटलं, नाना, केटी हा अर्धाच शब्द आहे. पुढं ‘अलाउड’ आहे. अलाउड म्हणजे परवानगी.

“कोनी दिली परवानगी?”

“युनिव्हर्सिटीनं.”

“कशाची?”

“पुढच्या वर्गात बसायची. दोन पेपर परत द्यायचे, पण वर्ष वाया जात नाही.”

नानांनी थोडा विचार केला. “कागदावर हाय का हे?”

मी निकालाचा कागद दाखवला. त्यांनी तो उलटसुलट करून पाहिला, घडी घातली आणि खिशात ठेवला. घरी जाऊन भावाला काय सांगितलं ते तिने मला नंतर सांगितलं. “युनिव्हर्सिटीनं लेखी परवानगी दिलीय तिला.” लेखी परवानगी! तलाठी, सोसायटी आणि बँकेच्या पायऱ्या झिजवलेल्या माणसाला या शब्दाचं वजन आपल्यापेक्षा जास्त कळतं. स्थळाचा विषय निघाला तसा मिटला. दोन्ही विषय पुढच्या प्रयत्नात सुटले, आज ती माझ्याबरोबर थर्ड इयरला आहे, आणि मी हे लिहू का म्हणून विचारलं तर म्हणाली, लिही, पण गावाचं नाव घालू नको.

याची दुसरी बाजूही आहे, ती लपवून उपयोग नाही. हा शब्द धूसर आहे म्हणून त्याच्या आड लपताही येतं. ‘फर्स्ट क्लास मिळाला’, ‘सेकंड क्लास मिळाला’ तसं ‘एटीकेटीने पास झालो’ असं लग्नाच्या पंगतीत सांगणारे वीर मी पाहिलेत. समोरच्या आत्याबाईही “हो का? छान!” म्हणून जिलेबीकडे वळतात. दहावीला एक-दोन विषय राहिले तरी एटीकेटीने अकरावीला प्रवेश मिळतो, त्यामुळे हल्ली आत्याबाईंनाही थोडं थोडं कळायला लागलंय, पण चालून जातं. पंगतीत चालतं ते चालू दे. त्याने कोणाचं बिघडत नाही.

बिघडतं ते इंग्रजीत. आमच्या कम्युनिकेशन स्किल्सच्या तासाला एकदा यावर चांगली अर्धा तास चर्चा झाली. इंग्रजीत हे म्हणायचं कसं? ‘आय गॉट एटीकेटी’, ‘आय हॅव टू केटीज’, ‘आय ॲम एटीकेटी’, सगळे प्रकार फळ्यावर लिहून झाले. शेवटचा तर भन्नाटच, मी स्वतःच एटीकेटी आहे! व्याकरणाने बरोबर बसतं ते एकच, ‘आय वॉज अलाउड टू कीप टर्म्स’. आणि गंमत अशी की हे एकमेव बरोबर वाक्य बाहेरच्या कोणालाही कळत नाही. चेन्नईच्या माणसाला विचारा, तो म्हणेल हे काय असतं? त्यांच्याकडे त्याला ‘अरिअर’ म्हणतात, म्हणजे थकबाकी. घरभाडं थकावं तसा विषय थकतो. हैदराबादकडे ‘सप्ली’ म्हणतात, सप्लिमेंटरीचं लाडाचं नाव. दिल्लीकडे ‘बॅक लागली’. सीबीएसईच्या पोरांना शाळेपासून ‘कंपार्टमेंट’ ठाऊक. इंग्लंडमध्ये परत परीक्षा देणं म्हणजे ‘रीसिट’. एटीकेटी आपली, महाराष्ट्राची आणि आजूबाजूच्या थोड्या मुलखाची. ज्या देशात ही भाषा जन्मली तिथल्या आजच्या पोरालाही ती डोक्यावरून जाईल.

मॅडम म्हणाल्या, मग सरळ ‘बॅकलॉग’ म्हणा. कंपन्यांना तोच शब्द कळतो. हे खरं आहे, आणि मीही इंग्रजीत तोच वापरते. पण तो काही फार शुद्ध आहे असं समजू नका. बॅकलॉग म्हणजे मुळात शेकोटीच्या मागच्या बाजूला घालायचं मोठं लाकूड, जे सावकाश जळत राहतं. पुढे अर्थ झाला साठून राहिलेलं काम. त्यामुळे साहेबाच्या इंग्रजीत कामाचा ‘एक’ बॅकलॉग असतो, ढीग असतो तसा. ‘आय हॅव थ्री बॅकलॉग्ज’ म्हटलं की त्याला वाटेल याच्याकडे कामाचे तीन ढीग आहेत. (जे तसं खरंच आहे म्हणा.) आणि मराठीत बॅकलॉगला प्रतिशब्द कोणता? अनुशेष! विकासाचा अनुशेष मोजायला १९८३ साली वि. म. दांडेकरांची समिती नेमली होती, तोच अनुशेष. तेव्हा मराठीतही केटीऐवजी दुसरं काही म्हणा असा ज्यांचा आग्रह असेल त्यांनी घरी जाऊन सांगून बघावं, ‘आई, माझा थर्मोचा अनुशेष राहिला.’ शक्य तितक्या लांब उभं राहून सांगावं.

आता यात जीव कुठे अडकतो ते सांगते. आमच्या एका सीनिअरची गोष्ट. फर्स्ट इयरला त्याचे दोन विषय राहिले होते, पुढच्या प्रयत्नात सुटले. फायनल इयरला कॅम्पससाठी ऑनलाइन फॉर्म भरायचा होता. एक रकाना होता, ‘एटीकेटींची संख्या’. त्याने लिहिलं, शून्य. त्याच्या दृष्टीने ते खरं होतं, कारण त्या दिवशी त्याच्याकडे एकही केटी नव्हती, सगळं सुटलेलं. आपली मराठी केटी अशीच आहे ना, सुटली की संपली! पण कंपनीला हवं होतं, आजवर एकूण किती. नोकरी मिळाली, पेढे वाटले, आणि कागदपत्रं तपासताना फर्स्ट इयरची मार्कशीट निघाली. मेल आली की तुम्ही माहिती लपवली. माहिती लपवली! जो मुलगा व्हायवाला येत नसेल तर ‘सर, येत नाही’ म्हणून मोकळा व्हायचा त्याला. दोन महिने खुलासे चालले आणि शेवटी कंपनीने ऑफर मागे घेतली. पुढे त्याला दुसरीकडे नोकरी लागली, छोट्या ठिकाणी, कमी पगारावर. तो आता त्याबद्दल बोलत नाही. कंपनीने तरी काय चूक केली असं कोणी म्हणेल. पण ज्या शब्दाचे दोन अर्थ होतात तो फॉर्मवर छापायचा, आणि विद्यार्थ्याने आपल्याला हवा तो अर्थ ओळखला नाही म्हणून त्याला खोटारडा ठरवायचं, हे मला तरी पटत नाही.

फॉर्मवरचे नवे शब्दही काही फार बरे नाहीत. ‘ॲक्टिव्ह बॅकलॉग’ आणि ‘लाइव्ह बॅकलॉग’ म्हणजे आज न सुटलेले विषय. ‘डेड बॅकलॉग’ म्हणजे सुटलेले. ‘हिस्ट्री ऑफ बॅकलॉग्ज’ म्हणजे सगळा इतिहास. ज्युनिअर मुलांना हे कोणी सांगत नाही, ती आपापल्या अंदाजाने भरतात. एकीने ‘डेड’समोर शून्य लिहिलं होतं, कारण तिला वाटलं डेड म्हणजे जे आता सुटायची आशाच नाही असे. अर्थ काही वाईट नाही तिचा! मधूनमधून विद्यार्थी संघटना ‘कॅरी ऑन’ची मागणी करतात, त्या वेळी तर आणखी धमाल. हातातली बॅग घेऊन विमानात बसायची परवानगी मागतायत असं बाहेरच्याला वाटावं. मागणी अशी असते की नियमापेक्षा जास्त विषय राहिलेत, तरी पुढच्या वर्षाला बसू द्या. म्हणजे तेच, टर्म भरू द्या. शब्द नवा, अर्ज तोच.

म्हणून माझं म्हणणं असं. मराठीत केटी लागू द्या, सुटू द्या, तिला हात लावू नका. पण फॉर्मवर, बायोडाटावर, परदेशी कॉलेजच्या अर्जावर केटीही नको आणि एकटा बॅकलॉगही नको. तिथे शब्द न वापरता घटना सांगावी. पहिल्या वर्षी दोन विषयांत नापास झालो, पुढच्या प्रयत्नात दोन्ही पास झालो. इंग्रजीत, ‘आय फेल्ड टू सब्जेक्ट्स इन माय फर्स्ट इयर अँड पास्ड बोथ ऑन द सेकंड अटेम्प्ट’. यात ‘फेल’ आहे म्हणून पोटात गोळा येतो, मला माहीत आहे. पण या वाक्याचे दोन अर्थ होत नाहीत, आणि त्याचा शेवट ‘पास’ने होतो. मुलाखतीत आमच्या एका मैत्रिणीने असं सरळ सांगितलं, तर समोरच्या बाईंनी विचारलं, दुसऱ्यांदा अभ्यास वेगळा कसा केलास? आणि पाच मिनिटं त्यावरच गप्पा झाल्या. ‘आय हॅड एटीकेटी’ म्हटलं असतं तर बाईंनी ते बहुतेक कुठल्या तरी सर्टिफिकेट कोर्सचं नाव समजून लिहून घेतलं असतं.

आणि आपल्या कॉलेजपुरतं एक काम आत्ता करण्यासारखं आहे. प्लेसमेंट सेलच्या स्वतःच्या फॉर्ममध्ये ‘एटीकेटी / बॅकलॉग’ असा जो एकच चिमुकला रकाना आहे, त्याच्या जागी दोन करावेत. एक, आज किती विषय पास व्हायचे बाकी आहेत. दोन, आजपर्यंत किती विषय एकापेक्षा जास्त प्रयत्नांत पास झालात. कंपनीचा फॉर्म आपल्या हातात नाही, पण आपला आहे. त्यात भरलेलं उत्तर मुलांच्या डोक्यात स्पष्ट असलं की पुढच्या फॉर्मला निदान प्रश्न तरी विचारतील, की साहेब, तुम्हाला आजचं हवंय की आजवरचं?

हे घेऊन मी सरांकडे गेले होते. सरांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, कल्पना चांगली आहे, तसा अर्ज दे. म्हटलं, मराठीत देऊ? तर म्हणाले, छे, ऑफिसला इंग्रजीत लागतो. रूममेटने आणि मी रात्री बसून अर्ज लिहिला. शेवटच्या ओळीत काय लिहायचं यावर बराच वेळ गेला. ऑफिसातल्या काकांना विचारलं तर ते म्हणाले, “अगं, त्यात काय एवढं? ‘प्लीज डू द नीडफुल’ लिहायचं. नाहीतर अर्ज पुढे सरकत नाही.”

लिहिलंय. इनवर्ड नंबर मिळालाय.